शहाजी : एक विशेषनाम आणि दोन बहुभाषिक दरबार

जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’च्या शेवटच्या भागात देशी भाषांतील रचना एकत्र केलेल्या आहेत. त्यांत हिंदुस्थानी भाषेतले एक पद्य आहे. जगदीश्वर ब्रह्मदेवाला विचारतो, की ही सृष्टी तू रचलीस खरी, पण तिचे रक्षण करण्यासाठी कोणाला कोठे ठेवलेस? ब्रह्मदेव पूर्व-पश्चिमेची व्यवस्था चंद्रसूर्यांकडे सोपवल्याचे सांगतो आणि उत्तर व दक्षिण या उरलेल्या दोन दिशांसाठी दोन माणसांची नावे घेतो : इकडे शहाजी, तिकडे शहाजहान. मराठीच्या अभ्यासकांना हे पद्य अपरिचित नाही. शहाजीराजांच्या थोरवीचा समकालीन पुरावा म्हणून त्याचा उल्लेख वारंवार केला जातो. मात्र पुरावा म्हणून ते फारसे बळकट नाही. हे पद्य बंगळूरच्या ज्या दरबारात म्हटले गेले त्याचा स्वामी त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता आणि शहाजहान हा दिल्लीचा बादशहा होता. दोघांना एका तागडीत तोलणे ही दरबारी अतिशयोक्ती झाली. पद्याचे खरे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. राजाचे नाव मालोजी किंवा विठोजी असते, तर हे पद्य उभेच राहिले नसते. दोन्ही नावांच्या आरंभी ‘शाह’ आहे म्हणून कवीला ही तुलना सुचली, आणि ऐकणाऱ्यांनाही ती क्षणभर पटली असली पाहिजे.

विशेषनामाला अर्थ असतो का, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. महाभाष्यकारांनी शब्दांचे जातिशब्द, गुणशब्द, क्रियाशब्द आणि यदृच्छाशब्द असे चार वर्ग केले. पुढे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त हीच चौकट स्वीकारली. डित्थ, डवित्थ यांसारखी नावे यदृच्छाशब्दात मोडतात : बोलणाऱ्याने आपल्या इच्छेने एखाद्या व्यक्तीवर लावलेला शब्द, ज्यामागे जात, गुण वा क्रिया यांचा आधार नाही. एकोणिसाव्या शतकात जॉन स्टुअर्ट मिलने विशेषनामाविषयी असेच काहीसे म्हटले. ते व्यक्तीचा निर्देश करते, गुणांचा बोध करून देत नाही. तत्त्वतः हे मान्य करावे लागते. तथापि, एकच अनोखे नाव एकाहून अधिक प्रसिद्ध व्यक्तींना लाभते तेव्हा यदृच्छेचा हा सिद्धांत अपुरा वाटू लागतो. दुसऱ्या व्यक्तीला ते नाव दिले जाते तेव्हा पहिलीच्या निर्देशाचा काही अंश त्यात उतरलेला असतो. तिसऱ्या व्यक्तीच्या वेळी तो अंश आणखी दाट होतो. प्रस्तुत लेखात ‘शहाजी’ हे नाव या दृष्टीने वाचावयाचे आहे. या नावाच्या सगळ्याच धारकांची चरित्रे येथे अभिप्रेत नाहीत. बंगळूरचा शहाजी आणि त्याचा नातू, तंजावरचा शहाजी, या दोघांवर भर राहील; कारण हे दोघेही एकाहून अधिक भाषांत बोलणाऱ्या दरबारांचे स्वामी होते आणि त्या दोन्ही दरबारांतील वाङ्मयाने या नावाचे जे केले ते तौलनिक अभ्यासाला उपयुक्त आहे.

आज ‘शहाजी’ हे नाव महाराष्ट्रात इतके रुळले आहे, की ते मुळात अनोखे होते हे ध्यानात येत नाही. त्याच्या उगमाची परंपरा परमानंदाच्या ‘शिवभारता’त आणि बखरींतही आढळते. मालोजी भोसल्यांना पुत्र नव्हता. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील शाह शरीफ या पिराच्या कृपेने पुढे त्यांना दोन पुत्र झाले. थोरल्याचे नाव शहाजी आणि धाकट्याचे शरीफजी. सत्पुरुषाच्या नावाचे दोन भाग करून दोन भावांत वाटून दिले होते. संस्कृत महाकाव्याची रीत पाळणाऱ्या आणि शिवाजीमहाराजांच्या आज्ञेवरून लिहिणाऱ्या परमानंदाला ही हकिकत लपवावीशी वाटली नाही. त्याच्या लेखी तो एक सिद्ध होता आणि सिद्धाचा प्रसाद म्हणून आलेले नाव पवित्रच होते.

नवसाने झालेल्या मुलाला पिराचे किंवा फकिराचे नाव देण्याची रूढी मराठी समाजाला नवी नाही. पिराजी, फकिरा, सुलतानजी ही नावे कोणत्याही जुन्या कागदपत्रांत सापडतात. अण्णा भाऊ साठे यांच्या 1959 मधील कादंबरीचे शीर्षक या सदरातलेच. तेव्हा ‘शहाजी’तील वेगळेपण फारसी शब्दाच्या उपस्थितीत शोधू नये. ते त्याच्या अर्थात आहे. पीर आणि फकीर हे शब्द विरक्तीकडे निर्देश करतात, तर ‘शाह’ हा शब्द सुफी सत्पुरुषाला आणि राजाला सारखाच लागू पडतो. मालोजींनी सत्पुरुषाचे नाव घेतले. जयरामाने त्यातला राजा ऐकला. एका पिढीच्या अंतरात ‘शाह’ या शब्दाचे एका अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे असे संक्रमण झाले, आणि ते घडायला बंगळूरचा दरबार कारणीभूत झाला.

या नावाच्या उच्चाराचाही थोडा विचार करावयास हवा. मराठीने ‘शाह’चे ‘शहा’ केले. पहिला स्वर ऱ्हस्व झाला आणि दीर्घत्व पुढे सरकले. बादशहा, शहामृग, शहाजहान आणि गुजराती शाहांचे मराठीतले ‘शहा’ हे सर्व याच नियमात बसतात. संस्कृत कवींनी मात्र हे मराठी रूप सहसा घेतले नाही. ‘शिवभारता’त राजा ‘शाह’ आहे. शिवाजीमहाराजांच्या राजमुद्रेत, जी महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते, शिवाचा निर्देश शाहाचा पुत्र असाच केला आहे. तंजावरच्या कवींच्या लेखी तो ‘शाहराज’ किंवा ‘शाहेन्द्र’ होतो. म्हणजे ज्या भाषेकडून फारसी शब्द दूर ठेवला जाण्याची अपेक्षा करावी, तिनेच त्याचा मूळ उच्चार मराठीपेक्षा अधिक प्रामाणिकपणे जपला. याला छंदाची सोय हे एक कारण असेल. दुसरे कारण असे दिसते, की संस्कृत कवीला तो शब्द नाव म्हणून जसा हवा होता तसा ‘राजा’ या अर्थानेही हवा होता, आणि तो अर्थ ‘शाह’मध्ये उघड आहे. व्रज भाषेच्या वळणावर ‘साहि’ असे तिसरे रूप झाले. भूषणाने ‘शिवराजभूषणा’त शिवाजीमहाराजांना साहिचा पुत्र म्हणून जे संबोधन योजले त्यातही वंश आणि राजपद यांचा दुहेरी ध्वनी आहे. एकाच व्यक्तीची मराठी, संस्कृत आणि व्रज ही तीन रूपे आपण शेजारी मांडली, तर कोणत्या भाषेने या नावातून काय उचलले हे स्पष्ट होते.

आता बंगळूरकडे वळू. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने तिसऱ्या केंपेगौडाकडून बंगळूर घेतले. केंपेगौडा मागडीला गेला आणि बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली. 1664 च्या जानेवारीत होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला. या मधल्या पाव शतकात बंगळूर हे कर्नाटकातील मराठी सत्तेचे केंद्र होते. राजकीय इतिहासात या काळाची नोंद पुण्याच्या जहागिरीची पूर्वपीठिका म्हणून होते, स्वराज्याच्या आधीचे एक प्रकरण म्हणून. वाङ्मयाच्या इतिहासात तर ती जवळजवळ होतच नाही. आणि येथेच, माझ्या मते, आपली मोठी हानी झाली आहे.

जयराम पिंड्ये नाशिककडचा. तो बंगळुरास आला तेव्हा त्याने राजापुढे बारा नारळ ठेवले आणि त्यांचा अर्थ विचारला असता आपण बारा भाषांत कविता करतो असे सांगितले, असे त्याच्याच चंपूत आहे. या बारांत संस्कृत आणि प्राकृत (म्हणजे मराठी) यांच्याबरोबर ग्वाल्हेरकडची गोपाचलीय, गुर्जर, ढुंढारी, पंजाबी, बागुल, यावनी, दाक्षिणात्य यावनी आणि कर्नाटकी यांचा समावेश होतो. ‘यावनी’ आणि ‘दाक्षिणात्य यावनी’ या दोन वेगळ्या भाषा म्हणून मोजल्या आहेत, हे विशेष लक्षात घ्यावे. आज दखनीचे स्वतंत्र अस्तित्व सिद्ध करण्यासाठी जे परिश्रम घ्यावे लागतात, ते सतराव्या शतकातल्या या कवीला घ्यावे लागलेले दिसत नाहीत. ग्रंथाचा पूर्वभाग राधामाधवांच्या शृंगारकथेचा आणि संस्कृत. त्यानंतर शहाजीराजांची दिनचर्या, दरबार व पराक्रम यांचे वर्णन येते आणि शेवटी देशी भाषांतील समस्यापूर्तींचा संग्रह. समस्या द्यायची, आणि सभेतील कवींनी ती आपापल्या भाषेत पूर्ण करायची, असा हा खेळ होता.

वि. का. राजवाडे यांनी 1922 मध्ये हा चंपू प्रदीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. त्यांचे ऋण मोठे आहे. त्यांनी हे हस्तलिखित वाचले नसते, तर बंगळूरच्या दरबाराचे हे चित्र आपल्यापुढे आलेच नसते. पण राजवाडे चंपू वाचीत होते ते इतिहासाचे साधन म्हणून. शहाजीचे कर्तृत्व, क्षत्रियांचा वंश, महाराष्ट्राच्या वसाहतीचा इतिहास हे त्यांचे विषय. काव्य हा त्यांच्या दृष्टीने खनिजाभोवतीचा दगड होता. पुढच्या अभ्यासकांनीही बहुधा हीच दृष्टी चालवली. परिणामी ज्या शेवटच्या भागात ग्रंथाचे वाङ्मयीन वैशिष्ट्य एकवटले आहे तो ‘संकीर्ण’ म्हणून बाजूला पडला, आणि त्यातले शहाजहानचे पद्य तेवढे पाठ्यपुस्तकांत पोचले.

तो भाग सलग वाचला तर ध्यानात येते, की त्यात ‘शहाजी’ या नावाची सतत परीक्षा चालू आहे. प्रत्येक भाषेतला कवी या नावाला आपल्या छंदात, आपल्या उच्चारात आणि आपल्या राजकल्पनेत बसवू पाहतो. हिंदुस्थानी कवीला त्यात शहाजहान दिसतो. संस्कृत कवीला कुलाचा भूषणमणी दिसतो. आश्रयदात्याचे नाव ही या सर्व भाषांना सामाईक असलेली एकमेव गोष्ट आहे. समस्येची ओळ बदलते, भाषा बदलते, नाव मात्र तेच राहते. या दृष्टीने पाहता नाव हीच येथे खरी समस्या आहे, आणि बारा भाषांनी केलेली तिची पूर्ती म्हणजे हा ग्रंथ. एका भाषेतल्या साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्याला ही रचना विस्कळीत वाटणार, यात नवल नाही. ती समजून घेण्याची साधने तौलनिक साहित्याकडे आहेत.

शहाजीराजांच्या मागे बंगळूर व्यंकोजीकडे आले. ज्याला मराठी ग्रंथ बहुधा व्यंकोजी म्हणतात त्याला दक्षिणेतील लेख आणि इतिहास एकोजी म्हणतात. एका माणसाची दोन नावे हा आपल्या विषयाचा उलटा प्रकार आहे. मल्लेश्वरम् भागातील काडु मल्लेश्वर मंदिराजवळ त्याचा 1669 चा शिलालेख आहे. मेदरनिंगनहळ्ळी हे गाव त्याने या देवस्थानाला दिल्याची नोंद त्यात आहे. मराठी सत्तेची बंगळुरातील ही एक ठसठशीत खूण म्हणता येईल. पुढे व्यंकोजीने तंजावर घेतले, त्याचे लक्ष तिकडे लागले, आणि 1687 मध्ये बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे तीन लाख रुपयांना गेले. व्यवहार पुरा होण्याच्या सुमारास मोगल सेनापती कासिमखान मध्ये येऊन गेला, ही एक गमतीची उपकथा. दरबार बंगळुरातून उठला, परंतु त्याची सवय तंजावरला गेली. सवयीबरोबर नावही गेले. व्यंकोजीने आपल्या ज्येष्ठ पुत्राचे नाव शहाजी ठेवले होते. दुसऱ्याचे नाव सरफोजी. शाह शरीफ या नावातून निघालेली भावांची जोडी कावेरीच्या काठी अशी पुन्हा एकत्र आली.

तंजावरच्या शहाजीने 1684 ते 1712 या काळात राज्य केले. मराठी वाचकाला तो फारसा ठाऊक नाही. त्याचे एक कारण उघड आहे : ‘शहाजी’ म्हणताच मराठी मनात शिवछत्रपतींचे वडील उभे राहतात आणि त्या प्रतिमेमागे नातू दिसेनासा होतो. समान नाव स्मृती वाढवते, तसे ते झाकूनही टाकते. आजोबांचे वाङ्मयीन महत्त्व आश्रयदात्याचे आहे. नातू स्वतः लेखक होता, आणि साधासुधा नव्हे. तेलुगूतील ‘पल्लकीसेवाप्रबंधमु’ त्याच्या नावावर आहे. तिरुवारूरच्या त्यागेशाची भक्ती हा त्याच्या पदांचा स्थायी विषय आहे. मराठीत ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे नाटक त्याचे मानले जाते. ‘पंचभाषाविलास’ या यक्षगानात तर वेगवेगळ्या देशांच्या राजकन्या श्रीकृष्णाला वरण्यासाठी येतात आणि आपापल्या भाषेत बोलतात : तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदुस्थानी, पाचवी भाषा संस्कृत.

बंगळूरच्या चंपूशेजारी ‘पंचभाषाविलास’ ठेवून पाहावा. बंगळुरात अनेक भाषा एका राजाचे नाव घेतात. तंजावरच्या नाटकात अनेक भाषा एका देवाकडे येतात, आणि त्यांची मांडणी करणारा लेखक स्वतः राजा आहे. पहिल्या ग्रंथात राजा हा सर्व भाषांचा विषय आहे; दुसऱ्यात तो त्यांचा सूत्रधार झाला आहे. आणखीही एक फरक आहे. जयरामाच्या सभेत भाषा एकामागून एक येतात. प्रत्येक कवी आपली पूर्ती म्हणतो आणि बसतो. त्या एकमेकींशी बोलत नाहीत. तंजावरच्या रंगभूमीवर त्या समोरासमोर येतात, एकीचे दुसरीला कळत नाही, आणि नाट्य व विनोद दोन्ही तेथूनच जन्मतात. बहुभाषिकता हा राजवैभवाचा पुरावा असण्यापासून ती संवादाची अडचण, आणि म्हणून रंगभूमीचे द्रव्य, होण्यापर्यंतचा हा प्रवास आहे. आजोबापासून नातवापर्यंत एवढ्याच अंतरात तो घडला. ‘पंचभाषाविलासा’ला चमत्कृतीचा नमुना समजणाऱ्यांशी म्हणूनच मी सहमत होऊ शकत नाही.

या राजाच्या विनोदाची धार पाहायची असेल तर त्याच्या नावावर असलेले ‘सतीदानशूरमु’ हे तेलुगू प्रहसन पाहावे. मन्नारगुडीच्या उत्सवाला आलेला एक ब्राह्मण अस्पृश्य जातीतील एका विवाहित स्त्रीवर भाळतो, शास्त्र आणि शिष्य दोघांनाही जुमानत नाही, आणि दानशूर ठरतो तो त्या स्त्रीचा नवरा. या ब्राह्मणाचे नाव आहे मोरोभट्टलु. मराठी मोरोभटाला तेलुगू बहुवचनी प्रत्यय लावून तमिळ देशातल्या देवळापुढे उभे केलेले हे पात्र मराठी राजाने निर्माण केले आहे. स्वतःच्या भाषिक समाजाकडे परक्या भाषेतून पाहून हसण्याची ही क्षमता त्या काळच्या मराठीत लिहिलेल्या मराठी वाङ्मयात सहजी आढळत नाही. त्यासाठी दुसऱ्या भाषेचा आडोसा लागला असावा.

या शहाजीचा आणखी एक ग्रंथ आमच्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. ‘शब्दरत्नसमन्वयकोश’ हा संस्कृत कोश त्याच्या नावे आहे आणि तो 1932 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. हा नानार्थकोश आहे. म्हणजे एकाच शब्दाचे अनेक अर्थ नोंदवणारा. स्वतःचे नाव ज्याला आजोबांकडून मिळाले आणि त्यात सत्पुरुष, राजा व पूर्वज असे अर्थ ज्याच्यासाठी आधीच साठले होते, त्याने नानार्थांचा कोश करावा, यात योगायोगापलीकडे काही शोधू नये. मात्र त्याच्या आश्रयाला असलेल्या कवींना राजाच्या नावातील नानार्थता नक्कीच जाणवली होती. श्रीधर वेंकटेश यांनी आपल्या महाकाव्याला ‘शाहेन्द्रविलास’ हे नाव दिले. ‘शाह’ म्हणजे राजा, ‘इन्द्र’ म्हणजेही श्रेष्ठ, राजा. फारसी आणि संस्कृत समानार्थी शब्दांचा हा समास आहे, आणि त्याचा सांधा कानाला खटकत नाही. 1693 मध्ये तिरुविशनल्लूर येथील अग्रहार विद्वानांना देण्यात आला तेव्हा गावाला शाहजीराजपुरम् हे नाव मिळाले. या एका ग्रामनामात पिराचे ‘शाह’, मराठीचे ‘जी’, संस्कृतचे ‘राज’ आणि दाक्षिणात्य वळणाचे ‘पुरम्’ एकापुढे एक उभे आहेत. तंजावरच्या मराठी संस्कृतीविषयी अनेक पाने लिहून जे सांगता येईल ते येथे एका शब्दात आले आहे.

‘लक्ष्मीनारायणकल्याणा’मुळे उद्भवलेल्या वादाचा येथे उल्लेख केला पाहिजे. पहिले मराठी नाटक कोणते? विष्णुदास भावे यांच्या 1843 मधील सांगलीच्या ‘सीतास्वयंवरा’चा मान रूढ आहे. तंजावरच्या नाटकांचे पुरस्कर्ते तो मान दीडशे वर्षे मागे नेतात. विरोधी पक्षाचे म्हणणे असे, की तंजावरची नाटके महाराष्ट्रातील रंगभूमीच्या विकासाशी जोडलेली नाहीत. त्यांची परंपरा पुढे चालली नाही. हा वाद प्रथमत्वावर अडून राहिला आहे, ही खेदाची गोष्ट आहे. भाव्यांना प्रेरणा झाली ती कर्नाटकातून आलेल्या भागवतांच्या यक्षगानी खेळांवरून, आणि तंजावरच्या नाटकांचा साचाही यक्षगानाचाच. दोन्हीकडे मराठी नाटक दक्षिणेच्या रंगपरंपरेतून उगवले. ‘परंपरा तुटली’ असे म्हणणारे महाराष्ट्राच्या नकाशावर परंपरा शोधतात. ती तुटली नव्हती, नकाशाबाहेर होती.

शहाजीच्या जोडीच्या नावाचे पुढे काय झाले, हा भाग स्वतंत्र विवेचनाच्या योग्यतेचा आहे. शरीफजी हे मूळ नाव. मूळ शरीफजी 1624 च्या भातवडीच्या लढाईत पडले. तंजावरात त्याचे सरफोजी, शरफोजी आणि अखेर शरभोजी झाले. यातील शेवटची पायरी समजून घेण्यास तमिळ लिपीची मदत होते. त्या लिपीत प, फ, ब, भ यांना एकच अक्षर आहे. सरफोजी आणि शरभोजी ही नावे तमिळमध्ये लिहिली तर सारखीच दिसतात. वाचणाऱ्याने आपल्या संस्कारानुसार उच्चार करायचा. आणि चोळमंडलातल्या वाचकाचा संस्कार कोणता? नरसिंहाला शांत करणारा शिवाचा शरभावतार कुंभकोणमजवळच्या त्रिभुवनम् येथील मंदिरात पूजला जातो. तेथे शरीफ या अरबी शब्दावर शरभाची छाया पडली तर आश्चर्य कसले? दुसऱ्या सरफोजीच्या काळात हे रूपांतर पूर्ण झालेले दिसते. तमिळमधील ‘शरभेन्द्र भूपाल कुरवंजी’ हे नाटक आणि ‘शरभेन्द्र वैद्य’ या नावाने ओळखले जाणारे वैद्यकग्रंथ त्याच्याच नावाचे आहेत. ‘शरीफेन्द्र’ असे कोणी म्हटल्याचे आढळत नाही.

शाह आणि शरीफ या दोन शब्दांची दैवे अशी निराळी निघाली. ‘शाह’ला संस्कृतात समानार्थी सोबती मिळाला, त्यामुळे तो आपल्या मूळ रूपात टिकून समासात बसला. ‘शरीफ’ या विशेषणाला राजनामात तसा सोबती नव्हता. त्याला ध्वनिसादृश्याने दुसऱ्याच शब्दात विरून जावे लागले. पहिला अनुवादाने वाचला, दुसरा लिप्यंतराने हरवला. अनुवादाच्या सिद्धांतात अर्थाचा आणि ध्वनीचा असे जे दोन मार्ग सांगितले जातात त्यांचे इतके स्वच्छ उदाहरण, आणि तेही दोन सख्ख्या भावांच्या नावांत, मला इतरत्र आढळलेले नाही. या रूपांतरामागे पिराचे नाव पुसण्याचा हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. दुसऱ्या सरफोजीनेच 1803 मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरवून घेतला. पूर्वजांविषयी त्याला संकोच नव्हता. जाता जाता, ‘देवेंद्र कुरवंजी’ हे जगाचा भूगोल सांगणारे मराठी नाटक याच राजाचे. भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीच्या तोंडी देशोदेशींची माहिती घालण्याची कल्पना त्याच्या पणजोबांच्या पिढीतील शहाजीला नक्की आवडली असती.

इतर नामधारकांविषयी थोडक्यात. संभाजीमहाराजांचे पुत्र जन्माने शिवाजी. मोगलांच्या कैदेत ते शाहू झाले. औरंगजेबाने ‘हा चोर नव्हे, साव आहे’ असे म्हटल्यावरून हे नाव पडल्याची कथा लोकप्रिय आहे. कथा खरी असो वा नसो, ‘शाह’शी असलेला नावाचा संबंध विसरला जाऊन ‘साव’ या देशी शब्दातून नवी व्युत्पत्ती घडवली जाते, हे तिच्यातले लक्षणीय आहे. कोल्हापूरचे शाहू छत्रपती जन्माने कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव. 1884 मध्ये दत्तक झाल्यावर शाहू झाले आणि त्यांच्या कार्यामुळे आज हे नाव उच्चारताच आधी त्यांचे स्मरण होते, साताऱ्याच्या शाहूंचे नंतर. येथे नाव दत्तकाबरोबर आले. तसेच कोल्हापूरच्या अखेरच्या शहाजींचे. 1947 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर आलेले हे शहाजी (मृत्यू 1983) पूर्वाश्रमीचे देवास थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार. ई. एम. फॉर्स्टर यांनी 1921 मध्ये देवासच्या महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून काम केले. त्यावर आधारलेल्या ‘द हिल ऑफ देवी’ या 1953 च्या पुस्तकात जो युवराज येतो तो हाच. इंग्रजी वाचकाला तो एका नावाने ठाऊक आहे, कोल्हापूरकरांना दुसऱ्या, आणि दोन्ही वाचकांची गाठ क्वचितच पडते.

नामसाम्याचे परिणाम ग्रंथसूचींपर्यंत पोचलेले आहेत. तंजावरच्या शहाजीला इंग्रजी वंशावळींत ‘शाहूजी’ लिहिण्याचा प्रघात पडला. साताऱ्याचे शाहू 1708 च्या आरंभी राज्याभिषिक्त झाले आणि तंजावरचा राजा 1712 पर्यंत होता; म्हणजे सुमारे चार वर्षे हे दोघे चुलते-पुतणे एकाच वेळी गादीवर होते. सूचीत ‘शाहूजी’ पाहणारा मराठी अभ्यासक साताऱ्याकडे वळतो, ‘शहाजी’ पाहणारा बंगळूरकडे, आणि ‘साहजी’ किंवा ‘शाहराज’ या नोंदीपाशी तो थांबतच नाही. तंजावरच्या नाटककाराकडे जाणाऱ्या वाटा या चार-पाच वर्णलेखनांत विखुरल्या आहेत. तेलुगूच्या सूचीत तो एका अक्षराखाली आहे, संस्कृतच्या सूचीत दुसऱ्या, आणि मराठी वाङ्मयकोशांत बहुधा ‘तंजावर’ या स्थळनामाखाली. त्याची तेलुगू प्रहसने, मराठी नाटके, त्यागेशाची पदे आणि संस्कृत कोश एका नोंदीखाली आणण्याचे काम कोणत्याही एका भाषेच्या विभागाला एकट्याने पेलणारे नाही. बंगळूरच्या चंपूची नवी, भाषाभाषांच्या जाणकारांनी मिळून केलेली आवृत्तीही तशीच राहिली आहे. राजवाड्यांच्या आवृत्तीला 2022 मध्ये शंभर वर्षे झाली. कर्नाटकी आणि बागुल पद्यांचा पाठ त्या त्या भाषांच्या अभ्यासकांकडून तपासला जाणे हे त्यातले पहिले पाऊल ठरेल.